कारंजं आधी की पाणंद आधी?



आधी शेताची नोंद. मोसंबीचा आंबे बहाराचा ताण तोडून आज पाचवा दिवस. पहिलं पाणी हलकं दिलं, दुसरं परवा देईन. पानगळ साधारण चाळीस टक्क्यांच्या पुढं आहे, काडी पक्व आहे, त्यामुळं फूट बरी निघेल असं वाटतंय. हरभरा घाट्यात आलाय, सकाळच्या धुक्याची तेवढी भीती. हुरड्याचा चौथा आणि शेवटचा तुकडा आता दुधातून चिकात चाललाय, म्हणजे अजून दहाएक दिवस पाहुणे येतील.

आता मूळ विषय. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात एक ठराव येणार आहे. पाझर तलावाचा काठ आणि त्याला लागून असलेलं १४ एकर गायरान पर्यटनासाठी द्यायचं. आमच्या सरपंचताई चार दिवसांपूर्वी हुरड्याच्या आगटीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुमच्याकडं शहराची माणसं येतात, तुम्हाला यातलं कळतं. ठरावाला सूचक म्हणून तुमचं नाव टाकते.”

मी लगेच हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. घरी येऊन दोन रात्री विचार केला. म्हटलं, ग्रामसभेत दोन मिनिटं मिळतात आणि त्यात अर्धी माणसं मोबाईलवर असतात. त्यापेक्षा इथं सविस्तर लिहावं. कारण प्रश्न आमच्या एका तलावाचा नाही. गावोगाव हेच चाललंय. तलाव दिसला की सुशोभीकरण, टेकडी दिसली की व्ह्यू पॉइंट, चौक मोकळा दिसला की सेल्फी पॉइंट. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हा पैसा येणार आहे. तो कशावर लागावा, एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेही ग्रामसभेत तोंड उघडलं तर.

अंदाजपत्रक वाचलं तर काय दिसतं

ताईंनी कागद दाखवला. एकूण साडेतीन कोटी. त्यात संगीत कारंजं आणि रोषणाई १ कोटी १० लाख, फरशी आणि पायवाटा ८० लाख, कमान आणि कंपाउंड ७० लाख, लहान मुलांची झुकझुक गाडी ४५ लाख, झाडं आणि लॉन २५ लाख, इतर २० लाख. खाली ‘वार्षिक देखभाल’ असा एक रकाना होता. त्यात आडवी रेघ.

त्या रेघेवर मी बराच वेळ बोट ठेवून होतो. आमच्या गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल थकलंय म्हणून निम्मे खांब अंधारात आहेत. कारंज्याचं बिल कोण भरणार?

पण आधी समोरची बाजू नीट मांडतो, कारण ती खुळी नाही. आमच्या गावातली पंचवीस-तीस पोरं वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर जातात. दुष्काळी वर्षात इथं हाताला काम राहत नाही. शासनानं गावात पैसा ओतला तर मजुरी मिळेल, पाहुणे आले तर चहाचं हॉटेल चालेल, कणसं-पेरू विकले जातील, बचत गटाच्या बायकांचे पापड-कुरडया खपतील. मंदीच्या काळात सरकारनं खर्च करावा म्हणजे बाजार हलतो, हा विचार आपल्या राज्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली ती याच विचारानं. दगड फोडायला लावून का होईना, पण माणसाच्या हातात पैसा दिला आणि चूल पेटती ठेवली. त्यामुळं ‘सरकारनं खर्चच करू नये’ असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की टाकलेला रुपया गावात किती दिवस फिरतो आणि मागं काय ठेवून जातो.

पैठणची बाग

आमच्या भागात याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. पैठणला जा.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. १०२ टीएमसीचं धरण, त्याखाली डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. आणि धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. शेकडो एकरांची बाग, रंगीत कारंजी, गुलाबाचे ताटवे. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला विचारा, शाळेची सहल कुठं गेली होती? दहातले सात पैठण सांगतील. एसटीच्या खिडकीत डोकं घालून गाणी म्हणत गेलेलो आम्ही. अंधार पडला की कारंजं सुरू व्हायचं आणि सगळी पोरं एकदम गप्प व्हायची.

माझे वडील नव्वदच्या दशकात रविवारी तिथं गेटसमोर मोसंबी आणि पेरू विकायला बसत. दोन क्रेट घेऊन जायचे आणि रिकामे क्रेट घेऊन यायचे. आडतीला जो भाव मिळायचा त्याच्या दीडपट तिथं सुटायचा, आणि हमाली-तोलाई नाही. आमच्या घरातला पहिला रंगीत टीव्ही त्या गेटवरच्या पैशातून आला. म्हणजे पर्यटनाचा पैसा शेतकऱ्याच्या घरात येतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ते मी पाहिलंय.

पण पुढं काय झालं तेही पाहिलंय. कारंजी बंद पडत गेली, पाइप गंजले, ताटव्यांत गवत वाढलं. गेली कित्येक वर्षं बागेची दुरवस्था ही दर सहा महिन्यांनी येणारी बातमी आहे. अधूनमधून पुनरुज्जीवनाची घोषणा होते, निधी जाहीर होतो, पुन्हा काही वर्षांनी तीच बातमी. सहली कमी झाल्या तसे गेटवरचे फळवाले, भेळवाले, फोटोवाले एकेक करून उठले. वडील २००० नंतर तिथं बसले नाहीत. त्यांना कुणी हाकललं नाही. गिऱ्हाईकच येईना.

यातून मी एक गोष्ट शिकलो. बाग बांधायला पैसा एकदा लागतो आणि तो द्यायला सगळे तयार असतात, कारण त्याचा नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो येतो. बाग जगवायला पैसा दर महिन्याला लागतो आणि तो द्यायला कुणी पुढं येत नाही, कारण जळालेली मोटर बदलली म्हणून कुणी हार घालत नाही. आपण फळबागवाले हे चांगलं जाणतो. लागवडीच्या अनुदानाची रांग लांब असते. डिंक्या आला, मावा आला, खोडाला बोर्डो पेस्ट लावायची वेळ आली की माणूस एकटा असतो.

आता म्हैसूरचं काय? ज्या वृंदावन बागेची नक्कल आपण केली ती १९३२ च्या सुमारास तयार झाली आणि आजही चालू आहे. तिथली कारंजी जास्त चांगली आहेत म्हणून नाही. तिथं शेजारी राजवाडा आहे, चामुंडी आहे, प्राणिसंग्रहालय आहे, दसरा आहे. माणूस म्हैसूरला दोन दिवस येतो आणि त्यातली एक संध्याकाळ बागेला देतो. बाग त्या माळेतला एक मणी आहे. आपण माळ न बघता एकटा मणी आणून ठेवला.

आणि गंमत बघा. पैठणला माळ होती. नाथषष्ठीला लाखो माणसं दिंड्या घेऊन चालत येतात, कुणी जाहिरात करत नाही, कुणी सेल्फी पॉइंट बांधत नाही. त्यांना काय लागतं? प्यायला पाणी, स्वच्छ संडास, सावली, दवाखाना, रात्री उजेड. येणाऱ्याची गरज इतकी साधी असते. बांधणाऱ्याची हौस मोठी असते.

पाटाचं पाणी आणि टेलचा शेतकरी

कालव्याखालचा शेतकरी म्हणून मला हिशोब पाटाच्या भाषेतच समजतो. हेडला शंभर घनफूट सोडलं म्हणजे टेलला शंभर पोचत नाही. वाटेत गळती, पाझर, चोरीची आकडी. टेलवाल्याच्या सरीत किती आलं, त्यावर आवर्तन खरं की खोटं ते ठरतं. सरकारी खर्चाचंही तसंच. साडेतीन कोटी हे हेडचं पाणी. गावाच्या सरीत किती उतरतं ते मोजा.

कारंज्याचा पंप, नोझल, दिवे गावात बनत नाहीत. झुकझुक गाडी गावात बनत नाही. फरशी बाहेरची, ठेकेदार बाहेरचा, त्याची फिटरची माणसं बाहेरची. गावाला मिळणार तीन महिन्यांची खडी-वाळूची मजुरी, आणि नंतर दोन वॉचमन, एक माळी, पार्किंगचा ठेका. तो ठेका कुणाच्या पाहुण्याला जाणार हे गावात सगळ्यांना आत्ताच माहीत आहे.

आता माझा हिशोब सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. वीस गुंठे हुरड्याची ज्वारी. पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे, दर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरलेले, कारण एक तुकडा हुरड्याच्या अवस्थेत आठवडाभरच टिकतो, मग दाणा कडक होतो. दोन तुकडे परभणी वसंत, एक फुले मधुर, एक आमची जुनी गूळभेंडी. आजपर्यंत लहानथोर मिळून ३८६ माणसं आली, सरासरी माणशी अडीचशे रुपये, म्हणजे ९६,५०० रुपये.

खर्च असा:
– चार बायांची २२ दिवसांची मजुरी, तीनशेप्रमाणे: २६,४००
– शेंगदाणे, गूळ, दही, तीळ, लसूण: १९,०००
– गोवऱ्या: ३,६००
– मंडप आणि सतरंज्या भाड्यानं: ६,५००
– बी, खत, पाखरं राखणी: ५,०००

एकूण ६०,५००. माझ्या हातात ३६,०००. शेंगदाणे गावातलेच, दही शेजारच्या काकूंचं, गोवऱ्या वस्तीवरच्या मावशींच्या. मंडपाचे आणि बी-खताचे पैसे सगळे बाहेर गेले असं धरलं तरी दर रुपयातले ८८ पैसे शिवारात राहिले. शासनाचा एक पैसा नाही.

लगेच कुणी म्हणेल, ही रक्कम किती किरकोळ. बरोबर आहे. वीस गुंठ्यांवर गाव पोसत नाही, आणि गावात अशी पन्नास हुरडा केंद्रं निघाली तर पाहुणे वाढणार नाहीत, वाटले जातील. शहरातल्या कुटुंबाकडं महिन्यात एखादा मोकळा रविवार असतो. तो आमच्याकडं आला म्हणजे खुलताबादला किंवा म्हैसमाळला गेला नाही. एका गावाची कमाई ती दुसऱ्या गावाची तूट, हे पर्यटनाच्या कुठल्याच अंदाजपत्रकात लिहीत नाहीत. प्रत्येक तालुक्यात कारंजं झालं तर कारंजं बघायला दुसऱ्या तालुक्यात कोण जाणार?

“मग केवडिया बघा की!”

हा मुद्दा परवा पारावर एका तरुण मित्रानं काढला, आणि तो टाळता येत नाही. नर्मदेकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ ला खुला झाला. सुमारे तीन हजार कोटी खर्च. आणि लोक येतात, लाखोंनी येतात, हे मान्यच करायला पाहिजे. रेल्वे स्टेशन झालं, हॉटेलं झाली, जंगल सफारी झाली. तिथं पैसा ओतला आणि माणूस आला.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, तो जगातला सगळ्यांत उंच पुतळा आहे. ‘सगळ्यांत उंच’ हे बिरुद एकालाच मिळतं. पाझर तलावावरच्या कारंज्याला ते मिळणार नाही. दोन, तिथल्या आदिवासी गावांची जमिनीची तक्रार पुतळ्याहून जुनी आहे. धरणासाठी म्हणून १९६० च्या दशकात घेतलेल्या जमिनींवर पुढं काय उभं राहिलं, आणि त्यात मूळ मालकाच्या वाट्याला काय आलं, हा वाद अजून मिटलेला नाही. पाहुण्यांचा आकडा मोठा दिसतो. टेलच्या सरीचा हिशोब तिथंही वेगळाच मांडावा लागतो.

चांगली उदाहरणं नाहीतच असं नाही. मला दोन आवडतात.

केरळात कुमरकोमला २००८ पासून ‘जबाबदार पर्यटन’ म्हणून काम सुरू झालं. तिथं मोठमोठी हॉटेलं आधीपासून होती, पण भाजी बाहेरच्या मंडईतून यायची. पंचायत, कुटुंबश्रीचे महिला गट आणि हॉटेलं एकत्र बसली आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात गावची भाजी, गावचं नारळ-अंडं-मासळी जाईल अशी सोय लावली. पडीक तुकडे लागवडीखाली आले. सरकारनं तिथं नवं कारंजं बांधलं नाही. आलेल्या पाण्याला गावाकडं चारी काढून दिली. मला हे शहाणपण वाटतं.

दुसरं साताऱ्याजवळचं कास. जांभ्या खडकावर बोटभर माती, आणि त्यावर पावसाळ्याच्या शेवटी फुलांचे गालिचे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांत कास जागतिक वारशात गेलं आणि गर्दी सुटली. तिथं आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, गावचीच पोरं-पोरी राखण करतात, वाट दाखवतात, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा घातलीय. तिथंही चूक झालीच. फुलं राखायला म्हणून जाळीचं कुंपण घातलं. गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलांवर परिणाम होतो अशी ओरड झाली, मग जाळी काढली. कृषी आणि वनस्पती शास्त्रातल्या मित्रांनी यावर खाली जरूर लिहावं. मला त्यातलं एवढं कळतं की चरणारी गुरं ही त्या पठाराची शत्रू नव्हती, ती त्या पठाराच्या कामकाजाचा भाग होती.

गायरानावरची शेरडं

हे सांगायचं कारण आमचं १४ एकर गायरान. आमच्या गावात ११ घरं अशी आहेत की ज्यांच्या सातबाऱ्यावर एक गुंठाही नाही. त्यांची मिळून चारएकशे शेरडं-मेंढरं त्या गायरानावर आणि तलावाच्या काठावर चरतात. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत आपल्या सगळ्यांच्या शेतात पिकं उभी असतात, तेव्हा दुसरी जागाच नाही. ती शेरडं म्हणजे त्यांचं बँक खातं. दवाखाना आला, एक बोकड विकला. शाळेची फी आली, एक पाट विकली.

कागदात कंपाउंड आहे. कंपाउंड म्हणजे शेरडं बाहेर.

त्या घरातले एक काका परवा माझ्याकडं हुरड्याची धाटं न्यायला आले. ताटं मी त्यांना फुकट देतो, ते लेंड्या देतात, हा आमचा जुना व्यवहार. मी विचारलं, “काका, ठरावाचं कळलं का?” म्हणाले, “कळलं की. बाग होणारे म्हणं. चांगलंच हाय. निस्तं एवढं इचारा, आमची शेरडं कुठं न्यायची? तिकीट काढून आत सोडणारेत का?”

ते हसले. मला हसू आलं नाही. कारण मंडळी, आता खरी गोष्ट सांगतो. नकाशात पार्किंगची जागा माझ्या बांधाला लागून आहे. रस्ता होणार तो माझ्या शेतावरून जाणार. हे सगळं झालं तर गावात सगळ्यांत जास्त फायदा ज्या दोन-तीन घरांचा होईल त्यांत माझं घर आहे. हुरड्याला चारशेऐवजी दोन हजार माणसं येतील. जमिनीचा भाव दुप्पट होईल. म्हणूनच सूचक म्हणून माझं नाव सुचलं असावं. सूचकाचं हित कुठं आहे हे ग्रामसभेला माहीत असलं पाहिजे, म्हणून इथं उघड लिहितोय.

१९९० ची फळबाग

सरकारी पैसा गावात टिकतो कसा, याचंही उदाहरण आमच्याच घरात आहे. १९९० साली राज्यानं रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना आणली. वडिलांनी त्यात दीड एकर मोसंबी लावली. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची न्यूसेलर. खड्डे खणायला गावच्याच माणसांना मजुरी मिळाली. म्हणजे पहिल्या वर्षी रोजगार, आणि पाचव्या-सहाव्या वर्षापासून फळ. राज्यातलं फळबागेचं क्षेत्र त्यानंतर कित्येक पटींनी वाढलं. माझं शिक्षण त्या दीड एकरावर झालं. ते झाड कुणी बघायला आलं नाही तरी फळ देत होतं.

पण इथंही खोटं बोलायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-संभाजीनगरच्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. टँकरनं पाणी घालूनही आमच्या दीड एकरातली निम्मी झाडं कुऱ्हाडीखाली गेली. लागवडीला पैसा दिला, पाण्याची तजवीज केली नाही, तर मोसंबीचीही पैठणची बाग होते. त्यामुळं ‘बाग वाईट आणि फळबाग चांगली’ असा सोपा निकाल मी देणार नाही. देखभालीच्या रकान्यात आडवी रेघ असली की दोन्हींचं सारखंच होतं.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. ज्या दिवशी एकही पाहुणा येणार नाही, त्या दिवशी ही वस्तू गावाच्या कामाची आहे का? रस्ता असेल तर आहे. त्यावरून ऊस जाईल, दूध जाईल, बाळंतीण जाईल. संडास, पिण्याचं पाणी असेल तर आहे. तलावातला गाळ काढला तर आहे. गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे. आमच्या तलावात पुरुषभर गाळ आहे. तो उचलून हलक्या रानात टाकला तर विहिरींना पाणी आणि मुरमाड जमिनीला माती. काठावर चिंच, जांभूळ, करंज, कडुनिंब लावले तर सावली पाहुण्यालाही आणि शेरडालाही. कारंजं मात्र पाहुणा नसला की नुसता बिलाचा मीटर.

मी काय करणार

मी सरपंचताईंना परवा सांगितलं, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल त्यांचे आभार. कारंज्याच्या ठरावाला मी सूचक होणार नाही. पण गावात पैसा येऊ नये असंही मी म्हणत नाही. मी ग्रामसभेत उपसूचना मांडणार आहे:

१) आधी तलावातला गाळ, मग काठावर झाडं, मग दोन किलोमीटरची पाणंद पक्की, मग संडास आणि पिण्याचं पाणी. याच क्रमानं.

२) गायरानाला कंपाउंड नको. चराई जशी आहे तशी राहील, हे ठरावात शब्दांत लिहायचं.

३) देखभालीची रक्कम पहिल्या दिवशी वेगळी ठेवायची, कमीत कमी पाच वर्षांची. ती नसेल तर वस्तू नको, मग ती फुकट मिळाली तरी.

४) जे खाणं-पिणं, फळ, दूध तिथं विकलं जाईल ते आधी गावातून घ्यायचं. पार्किंग आणि राखणीचं काम त्या ११ घरांना आधी.

५) दरवर्षी २६ जानेवारीला हिशोब ग्रामसभेत वाचायचा, वॉटर बजेटसारखा. हेडला किती, टेलला किती.

माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की अशा अटी घातल्या तर पैसा शेजारच्या गावाला जाईल. जाईल कदाचित. मग माझ्या बांधाजवळ पार्किंग होणार नाही, जमिनीचा भाव आहे तिथंच राहील आणि पुढच्या वर्षीही हुरड्याला चारशेच माणसं येतील. घरात यावरून दोन दिवस धुसफूस चाललीय. बायको म्हणते, “जगाचा विचार करता, पोरीच्या कॉलेजचा पण करा.” तिचंही चुकत नाही. मी तिला आकड्यानं उत्तर देऊ शकलो नाही. एवढंच म्हटलं, की वडिलांचे रिकामे क्रेट मी पाहिलेत, आणि मग घरात धूळ खात पडलेले भरलेले क्रेटही पाहिलेत.

सरकारनं पाहुण्यांसाठी खर्च करावा की नाही? करावा. पण पाहुणा येण्याआधी घर राहण्याजोगं करावं. आपल्याकडं पाहुणा यायचा म्हटलं की आधी अंगण सारवतात, पाण्याचा माठ भरतात. दारात तोरण सगळ्यांत शेवटी लागतं. आम्ही मात्र तोरणाचं टेंडर आधी काढतोय.

तुमच्या गावात असं काही झालं असेल तर खाली लिहा. चांगलं झालं असेल तर आवर्जून लिहा, ग्रामसभेत वाचून दाखवीन. बांधून किती वर्षं झाली, आज चालू आहे की बंद, आणि वीजबिल कोण भरतं, या तीन गोष्टी तेवढ्या सांगा.

२६ तारखेला काय झालं ते पुढच्या नोंदीत. तोवर मोसंबीला दुसरं पाणी देताना घाई करू नका, आळं पूर्ण भिजेल एवढंच द्या.

राम राम.